मागच्या सीटचं प्लॅस्टिक

३ फेब्रुवारी

चि. टकळीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. सोबत तुझ्या शोरूमचं चकचकीत पत्रकही मिळालं. त्यावरचा माणूस बॉनेटकडे असा बघतोय, जणू बॉनेटने त्याला नुकताच होकार दिलाय. ते पत्रक मामीने ओट्यावर तेलाच्या बाटलीखाली घातलं आहे. ओट्याचं संरक्षण चांगलं होतं, हे मान्य करतो.

गाडी तुझ्याकडूनच घेणार. माझ्याआधी जिच्यात कोणी शिंकलेलं नाही अशी गाडी आयुष्यात पहिल्यांदाच घेतोय, तर ती घरच्या माणसाच्या हातून यावी. पण त्या कोटिंगचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही. मी लाकडाला पॉलिश करणारा माणूस. कोणा उस्तादाच्या हाताखाली शिकलो नाही, बिघडवत बिघडवत शिकलो, त्यामुळे काय कसं बिघडतं ते मला पक्कं ठाऊक आहे. गाडीचा रंग कारखान्यातच भट्टीत भाजून निघतो आणि त्यावर पारदर्शक लॅकर असतं. त्यावर तुम्ही आणखी एक पारदर्शक थर चढवणार. तो दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि आहे की नाही हे फक्त विकणाऱ्याला माहीत. अशा वस्तूला माझ्याकडे एक शब्द आहे, पण तू भाची पडलीस.

आणि सीटवर फवारा? चहा सांडला तर डाग पडू नये म्हणून? माझ्या गाडीत चहा पिणारा माणूस बसणारच नाही, विषय संपला.

ही कोटिंग-फवाऱ्याची पॅकेजं खपली तरच जूनअखेर तुला कायम करणार, हे समजलं. वाईट वाटलं. त्यासाठी दुसरे मामा शोध.

तुझा मामा

ता. क. टकळे, मी मामी. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलंय म्हणून लिहिते. मागच्या सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिक कोणालाही काढू देऊ नकोस. पुढचं हे काढणारच, घाम येतो म्हणून. मागे मी बसणार आणि मला नवेपणा हवा.

१० फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न.

बरं बाबा. कोटिंगचं नाव तुझ्यापुढे काढणार नाही. अगदी शब्दशः.

शनिवारी दुपारी ये. गाडी धुऊन-पुसून तयार असेल. आमचे मॅनेजर स्वतः किल्ली देतात. त्यांना आम्ही पाठीमागे ‘गुळगुळीत’ म्हणतो. तू बघशीलच. त्यांचा हात हातात घेतला की आपलाच निसटतो. ते तुला ‘काका’ म्हणतील. चिडू नकोस, ते स्वतःच्या वडिलांनाही ‘सर’ म्हणतात.

आणि ‘वाईट वाटलं’ एवढ्यावर नको रे भागवूस. आईने स्पष्ट सांगितलंय, जूनमध्ये कायम झाले नाही तर खोली सोड, घरी ये आणि आत्याच्या दुकानात बटणं विकायला बस. तुला आत्या माहीत आहे. ती बटणाचा रंग जुळेपर्यंत गिऱ्हाइकाला आणि मला, दोघांनाही पाणी प्यायला देणार नाही. मला गाड्या विकायला आवडतात, मामा. खरंच. लोक नव्या गाडीत पहिल्यांदा बसतात तेव्हा सगळे सारखेच दिसतात, न्यायाधीश असो नाहीतर न्हावी. दार हळूच ओढून घेतात, जणू आत कोणी झोपलंय.

मामीला सांग, प्लॅस्टिकला हात लावला तर हात तोडीन असं वॉशिंगवाल्या दोघांना सांगितलंय.

तुझी टकळी

२० मार्च

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

गाडी उत्तम. तुझे गुळगुळीत मला ‘काका’ म्हणाले. मी त्यांना ‘आजोबा’ म्हणालो. किल्ली लगेच मिळाली.

आता मुद्द्याचं. हे पत्र तुझ्या शोरूमच्या भिंतीवर लावलंस तरी माझी हरकत नाही. मी गाडी अशी धुतो: एका बादलीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं. हातमोजा साबणात बुडवायचा, वरून खाली यायचं, आणि पुन्हा साबणात जाण्याआधी साध्या पाण्यात पिळायचा, म्हणजे माती गाडीला परत भेटत नाही. चाकं शेवटी, वेगळ्या फडक्याने. मग सावलीत कोरडी करून मेणाचा हात, इतका पातळ की आपल्यालाच शंका यावी. नावडता पाहुणा दारात दिसला की पोरं जशी घरात पळतात, तसं पाणी आता बॉनेटवरून पळतं.

वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरने तुमच्यासारख्याच एका शोरूमकडून सगळं संरक्षण घेतलं होतं. मग ‘आता काय, कवच आहे’ म्हणून कोरड्या फडक्याने गाडी झटकत बसला. उन्हात बघ त्याचं बॉनेट! कोळ्याने जाळं विणून संसार थाटल्यासारखं दिसतं. मी त्याला जिन्यात गाठून सगळं समजावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा समजावलं. आता तो लिफ्टने जातो.

तर मी ठरवलंय की पाच एप्रिलच्या रविवारी गाडी घेऊन तुझ्या शोरूमच्या दारात उभा राहतो. सोबत पाट्या आणतो. ‘ही गाडी कोटिंगशिवायची आहे. हात लावून बघा.’ तुझ्या गिऱ्हाइकांना फुकटात ज्ञान मिळेल. तुझं नाव मधे आणणार नाही, काळजी नको.

तुझा मामा

ता. क. पाट्या रंगवून झाल्यात. सुरेख अक्षर आलंय. मीच घाबरले. — मामी

२७ मार्च

ती. मामास,
शि. सा. न.

येऊ नकोस. पाट्या तर आणूच नकोस.

एका दमात सांगते, मग तू काय ते बोल. तुझ्या गाडीला कोटिंग आहे. कर्मचाऱ्याच्या नातेवाइकाला पॅकेज फुकट मिळतं आणि ते टार्गेटमध्ये धरतात. मला एक कमी पडत होतं. तू म्हणालास नाव काढू नकोस. मी नाव काढलं नाही, नुसतं लावायला सांगितलं. रंगाला आणि सीटला, दोन्हीकडे. म्हणजे ते पळणारं पाणी तुझ्या मेणामुळे पळतं की आमच्या बाटलीमुळे, देव जाणे.

तू सोसायटीभर व्याख्यानं देत सुटशील असं मला काय माहीत? वाटलं, गाडी घेशील, धुशील, गप्प बसशील. हे लिहितानाच कळतंय की यातलं शेवटचं कधीच होणार नव्हतं.

रागव, पण येऊ नकोस. दारात तू ती पाटी घेऊन उभा राहिलास आणि गुळगुळीतने संगणकात गाडीचा नंबर टाकला, तर तू खोटा पडशील आणि मी घरी जाईन. बटणं विकायला.

तुझी टकळी

१ एप्रिल

पत्र पोचलं.

मामा

ता. क. बोलत नाहीत. दोन्ही बादल्या माळ्यावर टाकल्यात. काल डॉक्टर समोरून येताना दिसले तर हे तोंड चुकवून जिना चढून वर गेले. आपण तळमजल्यावर राहतो. — मामी

९ एप्रिल

चि. टकळे!

बस. बसलीस? आता वाच.

तू मला फसवलंस, त्याचा हिशेब वेगळा होईल. समोरासमोर आणि मामीच्या गैरहजेरीत, कारण ती तुझीच बाजू घेते. पण आज मी तुला माफ करण्याच्या मनःस्थितीत आहे. कारण ऐक.

काल मनात आलं, सीटला फवारा मारलाय म्हणतात ना, मग एकदा चहा सांडूनच बघू. लाज जायची ती गेलीच आहे. चहा घेऊन बाहेर गाडीपाशी आलो. पुढच्या सीटवर सांडून काही सिद्ध होणार नव्हतं, ती मी रोज ब्रशने घासतो. मागची सीट कोरी आहे, मामीच्या प्लॅस्टिकखाली. मामी म्हणाली, “हात लावाल तर याद राखा!” मी म्हटलं, “शास्त्रासाठी आहे.” ती म्हणाली, “शास्त्राला पुढे बसवा.” बरीच झटापट झाली, चहा माझ्याच पँटवर सांडला (डाग पडला), पण एकदाचं मी प्लॅस्टिकच्या शिवणीपाशी पोचलो.

टकळे, तिथे कारखान्याची चिकटपट्टी होती. निळी. कंपनीचं नाव छापलेली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग, कुठे उचकटलेली नाही, पुन्हा चिकटवलेली नाही. चिकटपट्टी एकदा उचलली की तिच्या पोटाला धूळ लागते आणि ती परत तशी बसत नाही, हे मी तुला झोपेतही सांगू शकतो. म्हणजे प्लॅस्टिक कारखान्यात चढलं ते काल माझ्या पात्याने निघालं. मधल्या काळात त्या कापडाला माणसाचा श्वासदेखील लागलेला नाही, फवारा कुठला! खात्री म्हणून पाण्याचा थेंब टाकला. कापडाने तो असा प्यायला, जणू उपाशीच बसलं होतं.

तुम्ही प्लॅस्टिकवर फवारा मारलात का गं? की बाटली नुसती दाखवलीत गाडीला?

रंगाचं मी छातीठोक सांगू शकत नाही, कारण त्यावर माझं मेण आहे. पण जे सीटपर्यंत पोचले नाहीत ते बॉनेटपर्यंत तरी कशाला जातील! डॉक्टरला लिफ्टमध्ये गाठून सांगितलं. त्याने मजल्याचं बटण चारदा दाबलं.

मग बादल्या माळ्यावरून काढता काढता एक विचार आला आणि स्टुलावरच उभा राहिलो. मी मागितलं नव्हतं, मला मिळालं नाही. माझं काहीच गेलं नाही. पण ज्यांनी मागितलं होतं, त्यांचं काय? आणि त्यांना ते विकलं कोणी?

तुझा मामा

ता. क. प्लॅस्टिक फाटलं. नवं कुठे मिळतं ते कळव. — मामी

१७ एप्रिल

ती. मामास,
शि. सा. न.

विकलं मी.

तुझं पत्र वाचून आधी वाटलं, प्लॅस्टिकला हात लावू नका असं मीच सांगितलं होतं, म्हणून मागची सीट राहिली असेल. खात्री करायला खाली वॉशिंगला गेले. एका गाडीवर माझ्याच गिऱ्हाइकाचं पॅकेज होतं. तिथे मुद्दाम रेंगाळले. दोघांनी गाडी धुतली, पुसली, डॅशबोर्डला काहीतरी चोपडलं आणि जेवायला गेले. मी विचारलं, “कोटिंग?” एकजण म्हणाला, “ताई, ते सुकायला अर्धा दिवस लागतो. साहेब म्हणतात संध्याकाळी डिलिव्हरी. मग आम्ही तरी कधी लावायचं?” बाटल्या कपाटात आहेत, रांगेत, बुचंसुद्धा न उघडलेल्या. कोणी त्यांना कधी शिकवलंही नाही.

गुळगुळीतकडे गेले. ते हसले. म्हणाले, “हे बघा, गिऱ्हाईक घरी काय नेतं? समाधान. ते आपण नीट लावलेलं असतं.” आणि मग म्हणाले, “तुमचं कायम करायचं पत्र मी याच महिन्यात वर पाठवणार होतो.” होतो, मामा. क्रियापद कसं वापरावं ते या माणसाकडून शिकावं.

गप्प बसले असते. खोटं कशाला बोलू? खोलीवर येऊन बटणांचा विचार केला आणि गप्पच बसायचं ठरवलं होतं. पण माझी एक गिऱ्हाईक आहे, निवृत्त नर्स. एकटी राहते. दोन्ही मनगटं संधिवाताने गेलीत. तिने मला विचारलं होतं, “मला घासता येत नाही, मुली. नुसती पाण्याची धार मारली तर माती निघेल का?” मी म्हणाले, “कोटिंग असेल तर बरीचशी निघेल.” तिने दुसरं काहीच विचारलं नाही, लगेच घेतलं. तुझं काय, तुला धुवायला आवडतं. डॉक्टरला मिरवायला आवडतं. तिला मात्र ते खरंच हवं होतं.

तर मी एक उद्योग केलाय. माझ्या सगळ्या पॅकेजवाल्यांना शोरूमच्या नावाने कळवून टाकलं: येत्या तीन मे रोजी, रविवारी, गाडी घेऊन या, मोफत तपासणी आहे. गुळगुळीतला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पहिल्यांदाच खडबडीत झाला. पण लोकांनी ‘येतो’ म्हणून कळवलंय, आता नाही म्हणणार कसं!

त्या दिवशी बाटल्या उघडायच्या आणि लोकांसमोर लावायच्या. वॉशिंगवाल्यांना पातळ थर देणं माहीत नाही. तुला आहे. येशील?

तुझी टकळी

२२ एप्रिल

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

ज्या वस्तूला मी आजवर शिव्या घातल्या ती दिवसभर परक्यांच्या गाड्यांना चोळायला येऊ? बायकोसमोर?

येतो.

काम सावलीत. माझं फडकं कोणी वापरायचं नाही. मी हात फिरवत असताना कोणी ‘असं का, तसं का’ विचारायचं नाही. आणि गुळगुळीत मला पुन्हा ‘काका’ म्हणाले तर मी जबाबदार नाही. पातळ थराचं काय सांगतेस, माझ्या टेबलांत लोक चेहरा बघून दाढी करतात.

तुझा मामा

ता. क. डबा देते बरोबर. हे रागाने उपाशी राहतात आणि मग दुसऱ्याचं खातात. — मामी

६ मे

ती. मामास,
शि. सा. न.

तू न सांगता निघून गेलास, म्हणून पुढचं कळवते. तुझं फडकं माझ्याकडे आहे. कोणालाही वापरू दिलेलं नाही.

आधी गुळगुळीतच्या गाडीबद्दल. ‘आधी साहेबांच्या गाडीवर करून दाखवतो’ असं तूच म्हणालास. मी बाटलीसोबतचं पत्रक वाचून दाखवत होते, तूच म्हणालास, “हात बोलतो तेव्हा कागदाने गप्प बसावं.” त्या कागदावर लिहिलं होतं की छोटा तुकडा घ्या आणि लगेच पुसा. तू टेबलासारखं अख्खं बॉनेट गोल गोल माखून मुरायला ठेवलंस. ते मुरलं. आता त्या काळ्या बॉनेटवर ढग आहेत, आणि ते पाण्याने, साबणाने, रॉकेलने किंवा गुळगुळीतच्या रडण्याने निघत नाहीत. मशीनने घासून काढावे लागणार म्हणे. तुला वाटलं लोक तुला हसले. मामा, लोक त्यांना हसले. आणि त्याच हशात सगळ्यांना एक गोष्ट पटली: ही वस्तू खरोखर लावली की दिसते!

तू गेल्यावर मी पत्रक मोठ्याने वाचलं, वॉशिंगवाल्यांनी तसंच केलं. छोटा तुकडा, लगेच पूस, पुढे सरक. सुरेख झालं. लोक खुर्च्या टाकून बघत बसले.

मग गुळगुळीत सावरले. खुर्चीवर चढले आणि म्हणाले, “आमच्या खास ग्राहकांसाठी आज हा दुसरा थर, अगदी मोफत!” टाळ्या पडल्या. खाली उतरून माझ्या कानाशी म्हणाले, “तुम्हीही हेच सांगा, उद्या पत्र तुमच्या हातात.” टाळ्या थांबल्या तेव्हा नर्सबाई माझ्याकडे वळल्या. रुग्णाला ‘खरं सांग, गोळी घेतली का’ विचारतात ना, तो आवाज. “दुसरा? मग पहिला कुठे गेला?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मला आत्याचं दुकान दिसलं. खरंच दिसलं, गल्ल्यासकट.

मी म्हणाले, “बाई, हाच पहिला.”

पुढे जो गोंधळ झाला तो तुला आवडला असता.

तुझी टकळी

१३ मे

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

ढगांबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे की ते सारख्या आकाराचे आले होते. तशी सफाई सगळ्यांना जमत नाही.

पत्रक वाचायला हवं होतं. हे वाक्य मी एकदाच लिहितोय, जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही. खरं सांगायचं तर मी निघून गेलो तो लोकांना लाजून नाही, तुला लाजून. तू मला मोठ्या विश्वासाने बोलावलंस आणि मी तुझ्याच साहेबाच्या गाडीवर पावसाळा उतरवला.

त्या बाईच्या गाडीचं काय? धारेने माती निघते का? निघत असेल तर माझं मत थोडं बदलायला मी तयार आहे. लिहून घे: ज्याला हात आहेत आणि रविवार आहे, त्याला दोन बादल्या आणि मेण पुरतं. ज्याला यातलं एक नाही, त्याने कोटिंग जरूर घ्यावं, पण डोळ्यांसमोर लावून घ्यावं. दगड उडाला तर दोघांचाही टवका सारखाच उडणार. आणि सीटला मामी पुरते.

आत्याशी मी बोलू का? माझं ती ऐकत नाही, पण मला घाबरवायला तिला आवडतं, तेवढ्यात तुझा विषय मागे पडेल.

तुझा मामा

ता. क. नोकरी राहिली की गेली? यांनी दोन पानं लिहिली आणि तेवढंच विचारलं नाही. धीर होत नाहीये त्यांना. — मामी

२ जुलै

ती. मामास आणि मामीस,
शि. सा. न.

गेली. मंगळवारी, जून संपता संपता. कारण दिलं, ‘संघभावना कमी’. गुळगुळीतने हात पुढे केला. मी तो घट्ट धरला आणि निसटू दिला नाही. त्यांना ते फार अवघड गेलं. वॉशिंगवाले दोघे आता कोटिंग लावतात, कारण गिऱ्हाइकं खुर्ची मागून घेतात आणि बसूनच राहतात. नर्सबाईंनी कळवलंय, माती निघते. सगळी नाही, पण त्यांच्या मनगटांना जेवढी हवी तेवढी. त्यांनी आईलाही परस्पर पत्र लिहिलं. त्यात काय होतं ते आई सांगत नाही, पण खोली सोडायला जुलैअखेरपर्यंतची मुदत वाढवून मिळाली आहे.

म्हणून आज दुसऱ्या शोरूममध्ये मुलाखतीला आलेय. इथले मॅनेजर बरे वाटले, कोरड्या हाताचे. विचारलं, “आधीची नोकरी का गेली?” मी म्हणाले, “मी विकलेली वस्तू लावायला लावली.” ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, “आमच्याकडे तसलं काही नाही. सोमवारपासून या.”

मी म्हणाले, येते, पण आधी तुमची कोटिंग करायची खोली बघते.

ते म्हणाले, “अवश्य!” आणि किल्ली आणायला एक माणूस पाठवला.

तो गेला तेव्हा मी पत्राचा कागद काढला. आता कागद संपत आलाय. मॅनेजर दोनदा चहाचं विचारून गेले, आणि आत किल्ली शोधत कपाटं उघडल्याचे आवाज अजून येतायत.

मी बसलेय.

तुमची टकळी